संध्याकाळचा वर्ग : शिकवणार कोण?

बी-३०१ : नमस्कार मंडळी, सुट्ट्या लागल्यात आणि पोरं दिवसभर कूलरसमोर मोबाईल घेऊन पडलेली. आपल्या सोसायटीच्या खालच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी हरिपाठ आणि दोन गोष्टी धर्माच्या असा वर्ग घ्यायचं ठरलं होतं. पण शिकवायला कोणी मिळत नाहीये. मुक्ताईनगरकडचे एक महाराज रविवारी येऊ म्हणतात, तेही कुठे सप्ताह नसेल तर.

ए-२०४ : मग रविवारीच ठेवा ताई. अभ्यास असलेल्या माणसानेच शिकवावं, हे कोणीही उठून करायचं काम नाही.

डी-१०२ : पण आठवड्याला एक तास म्हणजे पुढच्या रविवारपर्यंत पोरं सगळं विसरतात

सी-१०१ : मी बोलू का? उदाहरण आमच्या चर्चमधलं आहे पण अडचण अगदी हीच आहे. भूमध्य समुद्रात माल्टा म्हणून देश आहे, एवढासा की आपल्या जळगाव जिल्ह्यात तसे पस्तीसच्या वर मावतील. तिथे फादर जॉर्ज प्रेका होऊन गेले, जन्म १८८० चा, लोक त्यांना डुन जॉर्ज म्हणायचे. तरुणपणी फुप्फुसाचा आजार असा की डॉक्टरांनी आशा सोडलेली, तरी १९०६ च्या डिसेंबरमध्ये फादर झाले आणि ८२ वर्षं जगले. त्यांना दिसलं की लोक मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला येतात, सण करतात, पण आपण काय मानतो आणि का मानतो हे विचारलं तर सांगता येत नाही. मग १९०७ च्या मार्चमध्ये हमरून गावात एक लहान जागा भाड्याने घेतली आणि साध्या तरुण पोरांना घेऊन बसले, त्यांच्यातला पुढारी यूजीन बोर्ग हा गोदीत कामाला होता. त्यांना आधी स्वतः शिकवलं आणि मग सांगितलं की आता तुम्ही लहान मुलांना शिकवा.

डी-१०२ : गोदीत म्हणजे जहाज दुरुस्तीचं काम ना अंकल, म्हणजे आपल्या भुसावळच्या लोको शेडमधली मंडळीच समजा

सी-१०१ : अगदी तसंच. मी स्वतः शेडमध्ये नोकरी केली म्हणूनच मला हे फादर फार जवळचे वाटतात. ड्युटी करायची, घरी येऊन हातपाय धुवायचे आणि संध्याकाळी तासभर मुलांना शिकवायचं, पगार मानधन काही नाही. आणि मुलं घरी गेली की हे शिकवणारे स्वतः शिकायला बसायचे. त्यातूनच उभ्या राहिलेल्या त्यांच्या संस्थेत आजही असंच चालतं.

ए-२०४ : अंकल आदराने विचारतो, वरच्या लोकांनी हे चालू दिलं? गोदीतला माणूस धर्मग्रंथ समजावतोय म्हटल्यावर उद्या काहीही सांगेल की.

सी-१०१ : भाऊ हीच शंका तिथेही आली. १९०९ मध्ये वर्ग बंद करा असा हुकूम आला. प्रेकांनी वाद घातला नाही, बंद करायला लागले. पण गावोगावच्या चर्चचे फादरच तक्रार घेऊन गेले की आमच्या मुलांना आता कोण शिकवणार, तेव्हा हुकूम मागे घेतला. पुढे पेपरात त्यांच्याविरुद्ध लिहून आलं, तर त्यांनी आपल्या माणसांना सांगितलं की टिंगल करणाऱ्याला माफ करायचं. १९१६ मध्ये बिशपनी चौकशी बसवली आणि १९३२ मध्ये रीतसर मान्यता मिळाली. म्हणजे पंचवीस वर्षं मान्यतेशिवाय रोज संध्याकाळी काम चालू, मला तर हे वाचताना भरून येतं.

सी-४०२ : बायका होत्या का हो त्यात? की सगळे पुरुषच

सी-१०१ : होत्या ना काकू, १९१० पासून बायकांची वेगळी शाखा. आणि शिकवायचं सगळं माल्टी भाषेत, घरात बोलतात त्या. शिकलेल्या लोकांची भाषा इटालियन, चर्चची लॅटिन, गोदीवाल्याला त्यातलं काय कळणार. त्यासाठी प्रेकांनी माल्टीत कितीतरी पुस्तकं लिहिली.

सी-४०२ : आपल्या माउलींनी पण तेच केलं की, लोकांच्या बोलीत आणलं सगळं. अन् मुक्ताबाई तर किती लहान होत्या.

ए-२०४ : ठीक आहे, पण त्या पोरांना शिकवायला प्रेका रोज होते. आपल्याकडे रोज कोण आहे? मुद्दा तिथेच येतो.

सी-१०१ : बरोबर बोललात भाऊ, म्हणूनच सांगतोय. महाराजांना पोरांसाठी बोलावू नका, तुमच्यासाठी बोलवा. रविवारी ते मोठ्यांना सहा अभंग नीट समजावतील, चुका काढतील, तुम्ही विचारायचं ते विचारा. मग सोमवारपासून रोज एक अभंग तुमच्यातल्या एकेकाने पोरांना सांगायचा. मनाचं काही जोडायचं नाही, अडलं तर रविवारसाठी लिहून ठेवायचं. प्रेका १९६२ मध्ये गेले, पण त्याआधीच १९५६ मध्ये त्यांची माणसं ऑस्ट्रेलियात शिकवायला पोचली होती. एकटे फादर गावोगाव फिरले असते तर हे झालं नसतं. २००७ मध्ये पोपनी त्यांना संत घोषित केलं, ९ मेला त्यांचा सण असतो.

बी-३०१ : हे पटलं अंकल. रविवारी मोठ्यांचा पाठ, बाकी दिवस पोरांचा. मी महाराजांना फोन करते.

ए-२०४ : असं असेल तर माझी हरकत नाही. रविवारी मी बसतो, टाळ आमच्याकडे दोन जोड आहेत.

बी-१०३ आजी : मी येसू भाऊ, मना नातूले बी लई येसू

डी-१०२ : मला मंगळवार द्या, बाकी दिवस सेकंड शिफ्ट आहे. आणि अंकल, आमच्या मुलाला या फादरांची गोष्ट तुमच्याच तोंडून ऐकायचीये, एखाद्या दिवशी वर्ग संपल्यावर थांबाल का?

सी-१०१ : थांबेन की. रविवारी सकाळी मी चर्चला असतो, बाकी कधीही.

बी-३०१ : वेळ साडेसात ठेवू, त्याआधी हॉलमध्ये बसवत नाही इतकं तापतं. वॉचमन काकांकडून चावी कोण घेणार ते सांगा, आणि एक टेबल फॅन कोणाकडे जास्तीचा असेल तर खाली आणून ठेवा.