घरात ट्यूबलाइटखाली मेथी-कोथिंबीर होते का? (ग्वाल्हेरची थंडी)

बाड्याजवळची_सून: नमस्कार मंडळी, आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात महाराज बाड्याजवळ तळमजल्यावर राहतो, गच्ची आहे पण माकडं एक कुंडी टिकू देत नाहीत आणि जानेवारीत धुकं असं धरतं की कधी कधी दुपारपर्यंत ऊनच नाही. म्हणून मधल्या खोलीत एलईडी ट्यूबखाली ट्रेमध्ये मेथी आणि धणे पेरलेत. मेथी पटकन वर आली पण नुसत्या लांब पांढरट काड्या, आडव्याच पडतायत, आणि कोथिंबिरीचा तर पत्ताच नाही. ते रोपांसाठीचे जांभळे दिवे, ग्रो लाइट, घ्यावेच लागतात का?

माती_आणि_मी, इंदूर: ताई, ट्यूब भिंतीवर वर लावलीय ना? तिथून आपल्याला खोली लख्ख दिसते पण रोपापर्यंत फारच कमी प्रकाश पोचतो, म्हणून ते उजेड शोधत लांब होतं. 20 वॅटच्या दोन पांढऱ्या ट्यूब (6500 के लिहिलेल्या, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाच्या) शेजारी शेजारी पानांपासून वीतभर अंतरावर टांगा, रोप वाढेल तशी दोरी वर घ्या. जांभळ्याची काही गरज नाही, पांढऱ्यात लाल-निळा असतोच आणि जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलेलं कळतच नाही. रोज 12 तास पुरे, टायमर लावून टाका. रात्रभर चालू ठेवू नका हं, दिवस मोठा मिळाला की कोथिंबीर आणि पालक लवकर फुलावर येतात. दिवसाला अर्धा युनिटसुद्धा जळत नाही.

ग्वाल्हेरची_काकू: अगं, धणे अख्खेच पेरलेस का? एका धण्यात दोन बिया असतात, लाटण्याने हलके दाबून दोन फाकी कर, रात्रभर भिजव आणि मग पेर. आपल्याकडच्या गारठ्यात तरी दोन-तीन आठवडे लागतात, उगवेपर्यंत ट्रे फ्रिजवर ठेव, तिथे जरा ऊब असते आणि तोवर उजेड नसला तरी चालतो. आणि मेथीची काडी मातीला टेकते तिथे नीट बघ. तिथे तपकिरी होऊन दोऱ्यासारखी बारीक झाली असेल तर ती बुरशी, मग पाणी कमी कर, वरून शिंपडू नकोस, पंखा एकवर ठेव.

बाड्याजवळची_सून: काकू, आत्ताच बघितलं, बुडाशी हिरवट पांढरीच आहे, म्हणजे उजेडच कमी पडला. आज ट्यूब खाली घेते. टोमॅटो पण लावू का असाच?

माती_आणि_मी, इंदूर: फळापर्यंत नाही जमणार ताई, टोमॅटोला याच्या कितीतरी पट उजेड लागतो, दोन ट्यूबवर झाड वाढेल पण फळ धरणार नाही. पण रोपं मात्र झकास होतील. टोमॅटो, मिरची, वांगी आत्ता ट्रेत पेरा, फेब्रुवारीत गारठा ओसरला की आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून सवय लावा आणि मग गच्चीवर लावा. माकडांसाठी तारेची जाळी वरूनसुद्धा बंद हवी, नुसती बाजूने लावून भागत नाही.

ग्वाल्हेरची_काकू: मिरचीचं बी पण फ्रिजवरच ठेव गं, तिला टोमॅटोपेक्षा जास्त ऊब लागते.