'चंद्र' पत्त्यावरील कुत्रा, लांडगा आणि पाण्यातील प्राणी

प्रश्न: रायडर-वेट-स्मिथ या टॅरो संचातील (भविष्य पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रपत्त्यांच्या संचातील) 'चंद्र' या अठराव्या पत्त्यावर कुत्रा आणि लांडगा चंद्राकडे तोंड करून उभे आहेत, तर खालच्या डबक्यातून शेवंडीसारखा एक जलचर वर येत आहे. कुत्र्याला निष्ठेचे प्रतीक मानून या पत्त्याचा अर्थ शुभ लावावा का?

प्रतिसाद १: केवळ कुत्रा वेगळा काढून अर्थ लावू नये, असे मला वाटते. 'मूर्ख' या पत्त्यावरील पांढरा कुत्रा सोबती म्हणून चालून जाईल. येथे मात्र माणसाळलेला आणि रानटी असे दोन्ही प्राणी एकाच प्रकाशाने अस्वस्थ झालेले आहेत. या संचाचे संकल्पक आर्थर वेट यांनी १९१० च्या आपल्या विवेचनात या दोघांना, केवळ परावर्तित प्रकाश सोबतीला असताना मनाला वाटणारी भीती मानले आहे; जलचर त्यांच्या मते पशूहूनही खालच्या थरातील प्रवृत्ती आहे. त्यांचे हे वर्णन मला अंमळ कठोर वाटते, कारण चित्रात तो प्राणी डोंगराकडे जाणाऱ्या वाटेच्या अगदी तोंडाशी आहे.

प्रतिसाद २: हे प्राणी या पत्त्यावर आरंभापासून नव्हते, हेही ध्यानात घ्यावे. इटलीतील पंधराव्या शतकातील व्हिस्कोन्ती-स्फोर्झा संचात चंद्रकोर हाती धरलेली स्त्री आहे. मार्सेय परंपरेत, म्हणजे फ्रान्समध्ये रूढ झालेल्या जुन्या टॅरो पत्त्यांत, दोन कुत्र्यांसारखे प्राणी आणि जलचर दिसतात. रायडर-वेट-स्मिथ पत्त्यांच्या चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी १९०९ च्या या संचात तीच मांडणी पुढे नेली.

प्रश्नकर्ती: मग पत्ता कामाविषयीच्या प्रश्नात आला, तर सहकाऱ्याच्या निष्ठेपेक्षा माझ्याच धास्तीचा विचार आधी करीन.