मदत हवी आहे: सासूबाईंची किडनी, डाएटचा कागद आणि आमचं बेळगावी जेवण

शहापूरची_सून

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज गरज पडली म्हणून लिहिते.

सासूबाई 71 वर्षांच्या. साखर बारा वर्षांपासून, बीपीही आहे. चार महिन्यांपूर्वी क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ पदार्थ, किडनी तो बाहेर टाकते) 1.3 आलं, ईजीएफआर (त्यावरून सूत्राने काढलेला किडनीच्या कामाचा अंदाज) 44. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर 110, पोटॅशियम 4.6. डॉक्टर म्हणाले, किडनीचा आजार तिसऱ्या टप्प्यात आहे, घाबरू नका, पण जेवण सांभाळा. हातात एक छापील कागद दिला. डाळ बंद, शेंगदाणे बंद, पालेभाज्या बंद, नारळ बंद, फळांत फक्त सफरचंद. सकाळी ब्रेड किंवा ओट्स.

आता आमचं घर म्हणजे ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी आणि ताक. त्यातलं निम्मं गेलं. सासूबाई दोन घास खातात आणि ताट सरकवतात. "हे आजाऱ्याचं जेवण मला नको गं," म्हणतात. वजन 53 होतं, आता 48 भरलं.

गंमत म्हणजे शेजारच्या गंगव्वा अज्जींना हाच कागद, वरच्या मजल्यावरच्या खालांना हाच, आणि गोव्याकडून आलेल्या आंटींनाही हाच. चौघींच्या चार चुली, कागद एक. अज्जींचा कन्नडात आहे एवढाच फरक.

एक चांगली गोष्ट: परवा क्रिएटिनिन 1.2 आलं, ईजीएफआर 48. म्हणजे कागदाचा उपयोग होतोय असं समजायचं का? तसं असेल तर त्यांना कसं खाऊ घालू, ते सांगा.

निपाणीचा_नातू

ताई, आमच्या आजोबांना असाच कागद होता. आम्ही तो फ्रीजवर चिकटवला आणि आजोबा चोरून भडंग खायचे. डॉक्टरांना सांगून आहारतज्ज्ञांची वेगळी वेळ घ्या. दहा मिनिटांच्या ओपीडीत हे होत नाही.

आरोग्यदायी_जीवन

गोखरू आणि पुनर्नव्याचा काढा चालू करा. किडनी साफ होते, गोळ्या बंद होतात. पत्ता हवा असल्यास निरोप करा.

लॅबवाला_बापू

काढेवाले भाऊ, थांबा जरा. ताई, गोळ्या बंद करू नका आणि काढाही देऊ नका. काही झाडपाल्यांनी किडनी बिघडते, आणि कशात काय घातलंय ते बाटलीवर लिहिलेलं नसतं. गुडघेदुखीच्या गोळ्या परस्पर आणून देत असाल तर त्याही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता तुमच्या चांगल्या बातमीबद्दल. मी तीस वर्षं रिपोर्ट काढलेत म्हणून लिहितो, वाईट वाटून घेऊ नका. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. म्हाताऱ्या माणसाचं पाच किलो वजन उतरलं तर त्यात स्नायूही गेलेले असतात. मग क्रिएटिनिन कमीच बनणार, आणि सूत्रात ते घातलं की ईजीएफआर वाढलेला दिसणार. किडनी तिथेच आणि आकडा मात्र सुधारलेला, असं होऊ शकतं. सिस्टॅटिन सी नावाची तपासणी असते, ती स्नायूंवर एवढी अवलंबून नसते. करायची का ते डॉक्टरांना विचारा. लघवीचं 110 होतं, तेही पुन्हा बघायला हवं. ते 30च्या वर म्हणजे प्रथिनं गळतायत.

ईजीएफआरचं सूत्रही काही दगडावरची रेघ नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी त्यात वेगळा गुणक होता, तो 2021च्या सूत्रातून काढून टाकला. आकडा बघावा, पण माणूस काट्यावर उभा करून बघावा.

शहापूरची_सून

बापू, वाचून पोटात गोळा आला. आम्ही तर पेढे वाटायचेच बाकी होतो. त्या हल्ली जिना चढताना माझा खांदा धरतात. मला वाटलं वयामुळे.

भाकरी_आणि_आकडे

मी आहारशास्त्र शिकवते, माहेर खानापूर. तपासल्याशिवाय चार्ट देणार नाही, पण हिशेब कसा करतात ते सांगते.

डायलिसिस नसलेल्या या टप्प्यात प्रथिनं साधारण किलोमागे 0.8 ग्रॅम धरतात. 48 किलोला 38 ग्रॅम. म्हातारं माणूस खंगत चाललं असेल तर त्याहून जास्त द्यायचा विचार करावा, असं 2024च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाच सांगतात. आता मोजा. प्रत्येकी 60 ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या म्हणजे 12 ग्रॅम, वाटीभर वरण 6-7, थोडा भात 4, कपभर दूध किंवा दही 6, एक अंडं 6, चमचाभर शेंगाचटणी 2. बेरीज 37च्या आसपास. म्हणजे तुमचं जुनं ताट मुळात जास्तीचं नव्हतंच! त्यातून डाळ काढली की उरलं काय?

पोटॅशियम 4.6 हे मर्यादेत आहे. ते रक्तात वाढलेलं असेल तेव्हा फळं-भाज्यांना कात्री लावायची. उद्या वाढलंच तर बटाटा, कंद, डाळी भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी ओतून द्यायचं. आणि इथेच आपलं बेळगाव आडवं येतं, कारण ते पाणी आपण ओतत नाही. त्याची कटाची आमटी करतो, कन्नड घरांत होळिगे सारु. पाण्यात उतरलेलं पोटॅशियम त्या आमटीत. तेव्हा अशा वेळी आमटी बाजूला.

खरा शत्रू मीठ. दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. भाकरीत आपण मीठ घालतच नाही, ब्रेडमध्ये असतं. भाकरी काढून ब्रेड देणाऱ्या कागदाला काय म्हणावं! मीठ कुठे लपलंय ते मात्र घरागणिक बदलतं. तुमच्याकडे लोणचं, पापड, चटण्या. पापडखारही सोडियमच. आंटींकडे सुका बांगडा असेल, खालांकडे विकतची आलं-लसूण पेस्ट. सैंधव चालतं म्हणून उपवासाला मुठीने घालू नका, तेही सोडियम क्लोराईडच आहे. आणि बाजारातलं 'लो सोडियम' मीठ अजिबात नको. त्यात पोटॅशियम क्लोराईड असतं, किडनीच्या माणसाला ते महागात पडतं.

परसात करमळाचं झाड असेल, ते पाच धारांचं आंबट फळ, तर तेवढं मात्र पक्कं बंद. किडनी अधू असेल तर ते मेंदूला बाधतं.

कॅम्पातला_वाचक

भाकरीताई, एक शंका. डॅश डाएट किडनीला चांगला म्हणतात ना? मग तोच द्यावा की.

भाकरी_आणि_आकडे

डॅशचा पहिला मोठा प्रयोग 1997 साली छापून आला, तो रक्तदाबासाठी होता. फळं, भाज्या, कमी चरबीचं दूध भरपूर, म्हणजे पोटॅशियमही भरपूर. किडनी धड आहे तोवर उत्तम. आजार पुढे गेल्यावर रक्त न तपासता उचलून द्यायचा नाही.

एकच डाएट सगळ्यांना लावण्यापेक्षा ज्याचं त्याचं ताट बघावं, म्हणून एक उदाहरण देते. हवाई आणि लॉस एंजेलिसमध्ये 1993 ते 1996 या काळात दोन लाखांवर लोकांची नावं नोंदवून एक पाहणी सुरू झाली. वय 45 ते 75, जपानी वंशाचे, मूळ हवाईचे, लॅटिनो, कृष्णवर्णीय, गोरे असे पाच गट. तिथे एकेक पदार्थ न धरता अख्ख्या ताटाला गुण देतात. ती पद्धत मला पटते. चांगल्या ताटाच्या लोकांत किडनीचे आजार कमी, असं अशा पाहण्यांमधून दिसत आलंय. पण ज्यांचं ताट चांगलं, ते चालतातही जास्त आणि विड्याही कमी ओढतात, तेव्हा सगळं श्रेय ताटाला देता येत नाही. त्यांच्या प्रश्नावलीत आपली कारळ्याची चटणी नाही, हे वेगळंच.

निपाणीचा_नातू

विड्यांचं नाव काढलंत आणि आजोबा आठवले. असो.

शहापूरची_सून

कळवायला उशीर झाला, माफ करा. वही घेऊन डॉक्टरांकडे गेले, आठवडाभराचं जेवण त्यात लिहिलं होतं. त्यांनी शांतपणे वाचलं, वजन बघितलं आणि म्हणाले, "डाळ मी पूर्ण बंद म्हटली नव्हती." कागदावर तर बंदच छापलंय, पण मी वाद घातला नाही. आता वाटीभर वरण, दोन भाकऱ्या, एक अंडं, ताक बिनमिठाचं. लोणचं-पापड बंद. सिस्टॅटिन सी पुढच्या महिन्यात.

वजन दीड किलो परत आलंय. वही गंगव्वा अज्जींनी उतरवून घेतली, त्यांच्या नातीने कन्नडात लिहिली. खालांचं पोटॅशियम 5.6 निघालं, तेव्हा त्यांना माझी वही देऊ नकोस असं अज्जींनीच सांगितलं. हुशार बाई.

भाकरीताई, एक शेवटचं. सासूबाई सांडगी मिरची सोडायला तयार नाहीत. दरवर्षी माघ संपला की स्वतः भरतात. मीठ अर्ध्यावर आणून वाळवली तर वर्षभर टिकेल का, की बुरशी येईल? ऊन तापायला लागलंय, आणि ब्याडगीसाठी त्यांनी पिशवी काढून ठेवलीय.