ग्लिसरीन पाण्याहून इतकं दाट, मग पृष्ठताण कमी कसा?

प्रश्न
२० अंश सेल्सिअसला शुद्ध ग्लिसरीनची व्हिस्कॉसिटी (वाहण्याला होणारा विरोध) पाण्याच्या सुमारे १४०० पट. रेणूत हायड्रोजन बंध जोडणारे तीन ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट, उत्कलनबिंदू २९०. तरी पृष्ठताण जेमतेम ६३ मिलिन्यूटन प्रति मीटर, पाण्याचा ७२.८. आंतररेण्वीय बलं जास्त असतील तर दोन्ही वाढायला नकोत का? आणि एफवायच्या प्रॅक्टिकलला ओस्टवाल्ड विस्कोमीटरवर (द्रव केशनलिकेतून उतरायला लागणारा वेळ मोजायची काचेची नळी) व्हिस्कॉसिटीतला फरक दाखवता येईल का?

उत्तर १
पृष्ठताण म्हणजे नवा पृष्ठभाग उघडायला लागणारी ऊर्जा. तिथे तेवढ्या जागेत किती बंध दाटलेत हे बघायचं. हिशेबच मांडा: लिटरभर पाण्यात ५५.५ मोल रेणू, म्हणजे १११ मोल ओ-एच. ग्लिसरीनची घनता १.२६, रेणुभार ९२, लिटरला १३.७ मोल, रेणूमागे तीन धरून ओ-एच फक्त ४१ मोल. बाकीची जागा कार्बन-हायड्रोजनच्या सांगाड्याने अडवलेली.

व्हिस्कॉसिटीत मात्र रेणूला शेजाऱ्यांमधून सरकायचं असतं. पाण्याचा रेणू लहान, त्याचे हायड्रोजन बंध पिकोसेकंदांत तुटतात नि नवे जुळतात. ग्लिसरीनचा रेणू मोठा आणि तीन ठिकाणी अडकलेला. एक टोक सुटेपर्यंत दुसरं पुन्हा धरलं जातं. म्हणून ‘बलं जास्त की कमी’ एवढ्यावर थांबू नये, विद्यार्थ्यांनाही थांबू देऊ नये.

उत्तर २
सर, पाण्यासाठीच्या विस्कोमीटरच्या नळीत शुद्ध ग्लिसरीन अजिबात घेऊ नका. पाणी ६० सेकंदांत उतरत असेल तर ग्लिसरीनला अठरा तासांहून जास्त लागतील! वजनाने १० ते ४० टक्क्यांची द्रावणं करा. ४० टक्क्यांचं साडेतीन मिनिटांच्या आत उतरतं. नळी वॉटर बाथमध्ये सरळ उभी हवी, केशनलिकेत बुडबुडा नको.

तापमान सांभाळा: शुद्ध ग्लिसरीनची व्हिस्कॉसिटी २० अंशांना १४१० मिलिपास्कल-सेकंद, ३० अंशांना ६१२. बाटली उघडी राहिली की ते हवेतली वाफ ओढतं, आणि १० टक्के पाणी शिरलं तर २० अंशांचा आकडा २१९ वर येतो. ताजी, सीलबंद बाटलीच घ्या.

उत्तर ३
पृष्ठताण जास्त तसा टोकाला लटकणारा थेंब जड, म्हणून पृष्ठताणासाठी थेंब मोजण्यापेक्षा तोला. दोन्ही द्रवांचे २० थेंब त्याच नळीच्या टोकातून, अगदी सावकाश सोडा. ग्लिसरीनच्या थेंबाचं वजन पाण्याच्या सुमारे ०.८७ पट भरेल. तेवढ्याच आकारमानाचे थेंब मोजलेच, तर पाण्याच्या ५० थेंबांच्या जागी ७२ च्या आसपास येतील, पण तिथे घनतेचा गुणक लावावाच लागतो. राहिला तर पृष्ठताण ५० च्या घरात निघतो. टोकाला साबणाचा अंश असेल तर पाण्याचाच आकडा आधी कोसळतो.