छोट्या प्लांटेड टँकला (खरी रोपं लावलेल्या माशांच्या टँकला) खडी कुठली घ्यावी?

२ फुटी टँक आहे, त्यात क्रिप्ट आणि व्हॅलिस्नेरिया ही पाण्यातली रोपं लावायचीयत. रंगीत खडी घरात पडून आहे, तीच टाकली तर चालेल का? की बारीक वाळू घेऊ?

> रंगीत नको रे, वरचा रंग सुटतो कधीकधी. साधी २-३ मिमीची गोलसर खडी घे. जाड खडीत मुळं धरतच नाहीत, रोप लावलं की सकाळी वर तरंगतंय, मी महिनाभर हेच करत होतो, लाव आणि पकड. थर पुढे ४ सेमी, मागे ६-७.

> आणि टाकायच्या आधी दोन-चार खड्यांवर व्हिनेगर टाकून बघ, फसफसलं तर चुना आहे, पाणी जड होत जाईल, म्हणजे त्यात क्षार वाढतील.

> वाळू दिसते छान पण फार बारीक असली तर दबून घट्ट बसते. कोरी मासे (तळाशी फिरणारे, मिशावाले छोटे मासे) ठेवणार असशील तर मात्र वाळूच, धारदार खडीने त्यांच्या मिशा झिजू शकतात.

धन्यवाद! खत लागेल का?

> खडीत स्वतःचं काहीच नसतं, क्रिप्टच्या मुळाशी रूट टॅब (खताची गोळी) खुपस. आणि खडी धू नीट, पाणी स्वच्छ येईपर्यंत, साबण अजिबात नको. लावल्यावर क्रिप्टची पानं गळाली तर उपटू नकोस, परत फुटतात.