३३/११ सबस्टेशन: फीडरगणिक रिले की सगळ्यांना मिळून एकच बॉक्स?

खारावारा (रत्नागिरी)
मंडळी, सल्ला हवाय. मासळीच्या कारखान्याचं ३३/११ केव्ही सबस्टेशन सांभाळतो, समुद्र हाकेच्या अंतरावर. २ ट्रान्सफॉर्मर, ११ केव्हीचे ९ फीडर (पुढे वीज नेणाऱ्या लाइनी). बिघाड ओळखून ब्रेकर पाडणारे रिले म्हातारे झालेत, एकाचा डिस्प्ले तर पावसाळ्यात दिसतच नाही. कन्सल्टंट म्हणतो, फीडरला रिले नकोतच. मर्जिंग युनिट (करंट-व्होल्टेज मोजून आकडे नेटवर्कवर पाठवणारं यंत्र) लावा, संरक्षणाचं सगळं डोकं एका मध्यवर्ती बॉक्सात. तो बॉक्स गेला तर अख्खा कारखाना उघड्यावर की हो! घ्यावं का?

रिलेवाला
एक कोणी घेतच नाही, दोन घ्यायचे. दोन्ही कायम चालू, कोणीही ट्रिप (ब्रेकर उघडायचा हुकूम) देऊ शकतो. नेटवर्क पीआरपीचं मागा, म्हणजे तेच पाकीट दोन वेगळ्या वाटांनी जातं. एक स्विच मेला तरी खंड पडत नाही. पोर्टाचं गणित मात्र आधी करा. ५० हर्ट्झला सायकलमागे ८० सॅम्पल (मोजमापं), म्हणजे सेकंदाला ४०००. एका युनिटाच्या स्ट्रीमला (आकड्यांच्या प्रवाहाला) साधारण ५ एमबीपीएस धरा. फीडर आणि ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजू मिळून १३ झाले, १०० एमबीपीएसच्या पोर्टातले ६५ तिथेच संपले. बॉक्साकडे जाणारी लाइन गिगाबिटच घ्या.

यार्डातला
दादा, बॉक्साला घाबरू नका, यार्डातल्या पेटीला घाबरा. गेल्या श्रावणात मी एक मार्शलिंग बॉक्स (यार्डातल्या तारा एकत्र येतात ती पेटी) उघडला. टर्मिनलं हिरवीगार, हीटर कधीचा बंद, ग्लँडच्या भोकातून आत आलेल्या पालीची अंडी कोपऱ्यात. तिथे मर्जिंग युनिट बसवणार? ११ केव्हीचं युनिट पॅनेलच्या एलटी (कमी दाबाच्या) कप्प्यात ठेवा. ३३ साठी सीटीच्या (करंट मोजायच्या ट्रान्सफॉर्मरच्या) तारा सरळ कंट्रोल रूमपर्यंत आणा. सीटी १ अँपिअरचा असेल तर ४०-५० मीटरचं ओझं किरकोळ. तांब्याची बचत मोठ्या यार्डात होते, आपल्या अंगणाएवढ्या यार्डात नाही. आणि बुकोल्झची (ट्रान्सफॉर्मरच्या तेलातला वायू ओळखणाऱ्या रिलेची) ट्रिप तारेनेच ब्रेकरला द्या, नेटवर्कच्या भरवशावर सोडू नका.

देवगडची
वेळेचं कोणी बोललंच नाही. सगळ्या युनिटांची घड्याळं एकमेकांशी जुळलेली हवीत, नाहीतर डिफरन्शियलचा (ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंचा करंट ताडून बघणाऱ्या संरक्षणाचा) हिशेब चुकतो. आमच्याकडे घड्याळाला वेळ देणाऱ्या जीपीएसच्या ॲन्टेनावर माडाची झावळी पडली (आधी संशय माकडांवर!). तरी काही बिघडलं नाही, कारण सगळे एकाच मास्टर घड्याळाच्या मागे होते. स्थानिक ताळमेळ पुरतो. पण तो मास्टरही गेला तर काय होतं, हे बॉक्स बनवणाऱ्याच्या कारखान्यातल्या चाचणीतच बघून घ्या. आणि टेस्टरला विचारा, त्याच्या किटला सॅम्पल्ड व्हॅल्यू (मर्जिंग युनिट पाठवतं तसे आकडे) पाठवता येतात का? आमचा टेस्टर जुना किट घेऊन आला आणि चहा पिऊन गेला.

रिलेवाला
इनकमरला (ट्रान्सफॉर्मरकडून येणाऱ्या मुख्य लाइनला) एक साधा, स्वतंत्र ओव्हरकरंट-अर्थफॉल्ट (जादा करंट आणि जमिनीकडे जाणारा करंट पकडणारा) रिले राहू दे. खर्च थोडा, झोप शांत. सॉफ्टवेअर बदलताना दोन्ही बॉक्स एका दिवशी हलवू नका. एक चूक सगळ्या फीडरांत एकदम शिरते.

खारावारा (रत्नागिरी)
आभार. दोन बॉक्स, गिगाबिट आणि तो जुन्या वळणाचा रिले कोटेशनात घालायला सांगतो. संध्याकाळी टेप घेऊन यार्डात गेलो, ३३ चा सीटी ते कंट्रोल रूम ३८ मीटर भरलं. मार्शलिंग बॉक्सही उघडला. हीटर बंदच होता.