रात्री ८ ला गाडी चार्ज होत नाही, २ ला होते. मदत हवी आहे

मळेकरी
इलेक्ट्रिक गाडी घेऊन ४ महिने झाले. मार्चपासून संध्याकाळी चार्जिंगला लावली की १० मिनिटांत लाल दिवा, बंद. रात्री २ ला उठून लावली की सकाळपर्यंत व्यवस्थित. सर्व्हिसवाले म्हणतात गाडीत दोष नाही. लाइनमन म्हणतो वरून लाइट कमी येते. शेजारचे काका म्हणतात तुझ्या गाडीमुळे आमचा पंखा हळू फिरतो. तक्रार कुठे करू? लवकर सांगा, रोज झोपमोड होतेय.

तारतंत्री
गाव कोणतं? गावठाण फीडर (घरांची लाइन) की शेतीचा? सिंगल फेज की थ्री फेज? व्होल्टेज किती, आणि कुठे मोजलं?

छतावरचं ऊन
सोलर बसवा, विषय संपला. माझं ३ किलोवॅटचं आहे, बिल जवळपास नाहीच.

मळेकरी
तासगावजवळ. गावठाण, सिंगल फेज. सोबत आलेला १५ अँपिअरचा चार्जर आहे. व्होल्टेज मोजलं नाही, कमीच असणार ना. सोलरचं नंतर बघू, गाडी दिवसभर माझ्यासोबत बाहेर असते.

अण्णा_६२
आमच्या वेळी विहिरीच्या मोटरी सुरू झाल्या की बल्ब लाल व्हायचे. लोक कंदील पुसून ठेवायचे. तुम्हाला गाड्या चार्ज करायच्यात!

डबल_डिझेल
म्हणून म्हणतो, डिझेल ते डिझेल.

तारतंत्री
काकांना सांगा, १०० केव्हीएच्या डीपीवर, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर, एका फेजला १४० च्या आसपास अँपिअर बसतात. गाडी घेते १४, म्हणजे दीड टनाचे दोन एसी. एकट्या गाडीने डीपी झोपत नाही. फेजवर आधीच घरं कोंबली असतील तर गोष्ट वेगळी. मळेकरी, रात्री ८ ला चार्जिंग चालू ठेवून मीटरजवळ आणि गाडीच्या प्लगला, दोन्हीकडे मोजा. आकडे टाका, मग बोलू.

हक्कदार
मोजायची गरजच काय? घोषित दाबाच्या (घरी २३० व्होल्ट) ६ टक्के वरखाली, एवढीच वीज कंपनीला मुभा आहे. लेखी अर्ज करा, पोच घ्या, नंतर ग्राहक मंच.

तारतंत्री
अर्जात आकडा काय लिहिणार, 'लाइट कमी येते'?

हक्कदार
आकडा त्यांनी मोजायचा असतो.

छतावरचं ऊन
स्मार्ट मीटर असेल तर दिवसा ९ ते ५ दरात सवलत आहे. रविवारी दुपारी लावा.

मळेकरी
मोजलं. चार्जिंग नसताना मीटरवर २११. चालू केल्यावर मीटरवर २०५, प्लगला १८६. बघा, किती कमी!

तारतंत्री
अहो, मीटरपासून प्लगपर्यंत १९ व्होल्ट गेले कुठे? ते कंपनीने खाल्ले नाहीत, तुमच्या वायरने खाल्ले. १९ गुणिले १४, म्हणजे २६५ वॅटच्या वर उष्णता तुमच्या भिंतीत. प्लग कुठे आहे?

मळेकरी
गोठ्यात. गाडी तिथंच लागते. कडबाकुट्टीसाठी पॉइंट काढला होता, ४० मीटर असेल. वायर वडिलांच्या काळातली, बारीक आहे.

तारतंत्री
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतं! रात्री २ ला मीटरवर २३० च्या आसपास येत असेल, त्यातून १९ गेले तरी चार्जर चालतो. संध्याकाळी लाइनचं व्होल्टेज खाली येतं, त्यात भर तुमच्या वायरची. दोन्ही मिळून बंद. चार्जिंगच्या वेळी सॉकेट हाताला गरम लागतो का?

मळेकरी
लागतो. मला वाटलं उन्हाळा आहे.

तारतंत्री
आजपासून तो पॉइंट बंद. गोठ्यात कडबा आहे ना? मीटरपासून ६ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (लोड वाढला की पडणारा स्विच), ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा) आणि नीट अर्थिंग. माहितगार वायरमनकडूनच. मग मीटरवरच्या २०५ साठी अर्ज करा, फेज बदलून मागा.

हक्कदार
म्हणजे अर्ज करायचाच. मी तेच म्हणत होतो.

विजू_वायरमन
४ चौरसची चालेल, ६ म्हणजे उगाच पैसा. ४० मीटरला ५ व्होल्ट पडतील फार तर.

तारतंत्री
उद्या मोठा चार्जर घेतला की पुन्हा भिंत फोडायची?

मळेकरी
६ चीच आणतो. तोवर गाडी अंगणात, मीटरजवळच्या १५ अँपिअरच्या सॉकेटला, रात्री १२ चा टायमर लावून. काकांच्या पंख्याचं काय सांगू?

अण्णा_६२
आधी त्यांना पंख्याचा कपॅसिटर बदलायला सांगा, तो गेला की पंखा हळू फिरतो.